'अनलेस' आणि त्याची भावंडे

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या घरी एक लांबट लिफाफा आला. अण्णा साखर कारखान्यातून निवृत्त झाले, त्यांच्या फंडाच्या पैशांसंबंधी एका कार्यालयाने पाठवलेले ते इंग्रजी पत्र होते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच, तेव्हा पत्र वाचण्याचा मान माझा. ओसरीवर आजी, चुलते, शेजारचे दोघे-तिघे जमले आणि मी मोठ्या ऐटीत वाचू लागले. त्यात एक वाक्य होते : 'द क्लेम विल नॉट बी कन्सिडर्ड अनलेस द सर्टिफिकेट इज रिसीव्ह्ड बाय द थर्टी-फर्स्ट.' मी अर्थ सांगितला, "एकतीस तारखेपर्यंत दाखला यायचाय, तोवर काही विचार होणार नाही." झाले! आम्ही पोस्टमनची वाट पाहत बसलो.

दाखला वास्तविक आम्हीच पाठवायचा होता. तारीख उलटली आणि अर्ज पुन्हा पहिल्यापासून करावा लागला. अण्णा रागावले नाहीत. रागावले असते तर बरे झाले असते. त्यांनी एवढेच विचारले, "मग त्या शब्दाला आपल्यात काय म्हनत्यात?" मला सांगता येईना. क्लेम, सर्टिफिकेट, कन्सिडर या अवजड शब्दांचे अर्थ मला येत होते. फसवले ते मधल्या चिमुकल्या जोडशब्दाने. तेव्हापासून मी या जोडशब्दांच्या मागे लागले आहे. वाचकहो, त्यातून जे थोडेफार हाती लागले ते येथे मांडते. प्राध्यापकवर्गाने चुकभूल पदरात घ्यावी.

प्रथम 'अनलेस'चाच निकाल लावू. मी त्याला 'अन्टिल' समजले, ही माझी चूक. 'अन्टिल' मुदत सांगते, 'अनलेस' अट सांगते. 'दाखला मिळाल्याशिवाय विचार होणार नाही' हे त्या वाक्याचे सरळ मराठी. म्हणजे अण्णांच्या प्रश्नाचे उत्तर 'शिवाय' किंवा 'खेरीज'. पण गोम अशी, की आपण हेच दुसऱ्या प्रकारेही बोलतो : 'जोपर्यंत दाखला मिळत नाही, तोपर्यंत विचार होणार नाही.' यात 'नाही' दोनदा आले, आणि शिवाय 'जोपर्यंत' या शब्दात मुदतीचा वास आहे. म्हणूनच आपल्यापैकी पुष्कळजण 'अनलेस यू डू नॉट सेन्ड' असे लिहून मोकळे होतात. इंग्रजीत 'अनलेस'ने नकार आधीच पोटात घातलेला असतो. वर आणखी 'नॉट' घातले की अर्थ उलटा होतो. गंमत म्हणजे या शब्दातला 'अन' मुळात नकाराचा नव्हेच. 'ऑन लेस', म्हणजे 'याहून कमी अटीवर', असे ते जुने रूप होते. पुढे ते झिजून एकजीव झाले.

असे झिजलेले शब्द इंग्रजीत बरेच आहेत. 'बिकॉज' म्हणजे 'बाय कॉज'. त्यात 'कारण' हे नाम सरळसरळ बसले आहे, जसे ते आपल्या 'कारण' या उभयान्वयी अव्ययातही आहे. 'ऑल्दो' म्हणजे 'ऑल' आणि 'दो'. आपला 'पण'देखील संस्कृत 'पुनः'पासून झिजत आलेला. दोन्हीकडे जुन्या शब्दांना घासूनपुसून सांध्यांच्या कामाला लावलेले दिसते.

आता आपल्या वर्गातली सर्वांत लाडकी चूक. 'ऑल्दो ही इज पुअर, बट ही इज ऑनेस्ट.' माझ्या वहीत अशा वाक्यांभोवती लाल शाईची इतकी वर्तुळे आहेत की पान हळदीकुंकवाचे वाटावे. चूक का होते ते उघड आहे. मराठीत 'जरी' आला की 'तरी' आलाच पाहिजे; एकाला बोलावले की दुसरा मागोमाग येतो. जर-तर, जेव्हा-तेव्हा, जसा-तसा, सगळी जोडपीच! इंग्रजीत मात्र दोन वाक्यांच्या सांध्याला एकच उभयान्वयी अव्यय पुरते. 'ऑल्दो' घ्या नाहीतर 'बट' घ्या.

पण मग 'इफ'नंतर 'देन' चालते ते कसे? जुन्या पुस्तकांत 'दो'नंतर 'येट' आढळते, तेही चूक मानत नाहीत. हा प्रश्न मला कित्येक दिवस छळत होता. उत्तर पुढे सापडले, ते असे : त्या ठिकाणी 'देन' आणि 'येट' ही क्रियाविशेषणे आहेत. सांधा 'इफ'ने आणि 'दो'ने आधीच जोडलेला असतो. क्रियाविशेषण नुसते त्या सांध्याकडे बोट दाखवते. 'बट' हे जोडणारे आहे आणि त्याला जोडायला तेथे काही उरलेलेच नसते.

मग एखादा शब्द जोडणारा आहे की बोट दाखवणारा, हे ओळखायचे कसे? त्याला जागेवरून हलवून पाहावे. 'बट' आपल्या वाक्याच्या तोंडाशीच बसतो, तेथून हलत नाही. 'हाउएव्हर' मात्र आरंभी, मध्ये, शेवटी, कोठेही नांदतो. 'आय, हाउएव्हर, डिड नॉट गो' हे बरोबर. 'आय, बट, डिड नॉट गो' कोणी म्हणणार नाही. मराठीत हा प्रयोग करून पाहा. 'पण मी गेले नाही' यातला 'पण' एक पाऊल सरकवला की होते, 'मी पण गेले नाही', आणि अर्थच पालटतो! 'मात्र' असता तर तो 'मी मात्र गेले नाही' असा मध्येच सुखाने बसला असता. दोघांचा अर्थ जवळचा, पण चालचलणूक वेगळी.

या चालचलणुकीमुळेच विरामचिन्हांचा घोटाळा होतो. 'इट वॉज रेनिंग, बट वी वेन्ट' येथे स्वल्पविराम पुरतो, कारण जोडण्याचे काम 'बट' करतो. 'इट वॉज रेनिंग, हाउएव्हर वी वेन्ट' हे मात्र लंगडे. 'हाउएव्हर'च्या अंगात जोडण्याचे बळ नाही, म्हणून त्याच्या आधी अर्धविराम किंवा पूर्णविराम द्यावा लागतो. 'देअरफोर'चे तसेच. अर्धविराम हे चिन्ह शोभेसाठी असते असे मी बारावीपर्यंत समजत होते.

'बिकॉज'ने वाक्याची सुरुवात करू नये, असे शाळेत आमच्या मनावर बिंबवले होते. ते खरे नाही. पुढे मुख्य वाक्य येणार असेल तर खुशाल करावी. मराठी 'कारण' दुसऱ्या वाक्याच्या आरंभीच येते. ते पुढे आणायचे तर आपल्याला शब्द बदलून 'पाऊस होता म्हणून' असे म्हणावे लागते. 'बिकॉज'चे वाक्य तसेच्या तसे उचलून पुढे ठेवता येते. फक्त त्याच्या जोडीला 'सो' नको. तेथे पुन्हा जरी-तरीची सवय आडवी येते.

हे झाले लिहिण्याचे. बोलण्यातले इंग्रजी याहून ऐसपैस असते. तेथे 'हाउएव्हर' फारसा फिरकत नाही. त्याचे काम 'दो' करतो, तेही वाक्याच्या अगदी शेपटाला लागून. 'इट्स रेनिंग. आय विल गो, दो.' ऑल्दोचा हा सख्खा भाऊ येथे उभयान्वयीपण सोडून क्रियाविशेषण होतो. याला मराठी काय, म्हणून मी पुष्कळ डोके खाजवले. उत्तर आजीने दिले, तेही नकळत. शेजारणीला ती म्हणत होती, "पोरगी हुशार हाय म्हणा." आधी चार तक्रारी झाल्या होत्या, आणि शेवटी त्या 'म्हणा'ने सगळे तोलून धरले होते. 'दो' तो हाच.

अण्णांचा दुसरा अर्ज मीच लिहिला. पाकीट चिकटवण्यापूर्वी त्यांनी तो मला मोठ्याने वाचायला लावला आणि वाक्यावाक्याला थांबवून विचारले, "ह्यात त्यो शब्द न्हाई ना?" एका ठिकाणी होता. तेवढे वाक्य खोडून मी सरळ 'इफ'ने लिहिले.