चढत्या सेव्हर्नवर पाच तास

पहाटे साडेपाच
चहाच्या आधी नदीची पातळी बघायची. ब्यूडलीच्या मापकाचे आकडे सरकारी संकेतस्थळावर मिळतात, पण माझी नजर आधी वरच्या अंगाला, श्रूजबरीकडे जाते. सेव्हर्न वेल्समधल्या प्लिनलिमन डोंगरावर उगम पावते आणि ३५४ किलोमीटर वाहते. ब्रिटनमधली ही सर्वांत लांब नदी. डोंगरात पाऊस पडला की एक-दोन दिवसांनी त्याचं पाणी ब्यूडलीला पोचतं. श्रूजबरीला आज आलेख वर चाललाय. म्हणजे आजच्या स्पर्धेत आम्ही गळ टाकून बसू तेव्हा इथलं पाणीही चढत असणार.

उतरत्या पाण्यात मासा खातो, मग ते कितीही गढूळ असो. चढत्या आणि त्यातून थंड पाण्यात तो काठाच्या आडोशाला दबून राहतो. माझं लहानपण चिपळूणचं. पावसाखेरीज कोयनेच्या अवजलानेही वाशिष्ठी चढते, त्यामुळे पाण्याची चढ-उतार बघितल्याशिवाय गरवायला जायचं नाही, हे अंगवळणी पडलेलं आहे.

साडेसहा
सामान गाडीत. दोन पाइंट अळ्या (इथे अळ्या पाइंटाच्या मापानेच विकतात), उकडलेले हेंपचे दाणे आणि डबाभर जाडजूड गांडुळं. गढूळ पाण्यात माशाला दिसत कमी असलं, तरी गांडुळाचा वास लागतो. दोन काठ्या, जाळी, बसायची पेटी, रेनकोट. सरकारी परवाना खिशात. इंग्लंडमध्ये त्याच्याशिवाय नदीत गळ टाकता येत नाही, आणि १५ मार्च ते १५ जूनपर्यंत परवाना असूनही टाकता येत नाही, कारण तो माशांच्या विणीचा काळ.

आठ
थॉमस टेलफर्डने १७९८ साली बांधलेल्या पुलाच्या कमानींखालून तपकिरी पाणी फुगून चाललंय. फांद्या, पानं, मधूनच प्लॅस्टिकचा डबा. वाहनतळावर तिसेक गरवणारे हात चोळत उभे. बरेचसे साठी ओलांडलेले. तरुण मंडळी हल्ली खासगी तळ्यांवर जातात. तिथे कार्प मासे भरून ठेवलेले असतात आणि पाच तासांत पन्नास किलोचं वजनही होतं. मला ते पटत नाही. जिथे मासा असणारच याची खात्री असते, तिथे हाताचा वेग जिंकतो. नदीवर मासा कुठे आहे, आज खाणार आहे का, इथपासून सुरुवात करावी लागते.

पिशवीत हात घालून आकडा काढायचा. काठावर आखलेल्या जागेला सगळे पेगच म्हणतात. कुणाला वाकलेल्या विलोखालची संथ जागा मिळते, कुणाला सरळ उघडा प्रवाह. माझा पेग मधला. वरच्या अंगाला काठ थोडा पुढे आलेला आहे, त्यामुळे काठालगत हातभर रुंदीची मवाळ पट्टी तयार झालीय.

नऊ
चिखलाच्या उतारावरून पेटी खाली न्यायलाच वीस मिनिटं. उन्हाळ्यात मी इथे फ्लोट वापरतो. तंगुसावर बारीक गोळ्या लावायच्या आणि धारेबरोबर फ्लोट सोडायचा. (त्या गोळ्या शिशाच्या असायच्या. हंस त्या गिळून मरत, म्हणून १९८७ मध्ये बंदी आली, आणि ते फार बरं झालं.) आज फ्लोटचं काम नाही. फीडर लावला: भोकं पाडलेली प्लॅस्टिकची नळी, आत अळ्या, खाली वजन. साडेतीन औंसांच्या खाली काही टिकेना. मग नळीच्या निम्म्या भोकांवर इलेक्ट्रिशियनची टेप चिकटवली.

आजचा सगळा विचार त्या टेपमध्ये आहे. सुस्त माशापुढे दोन मुठी अळ्या ओतल्या तर तो दोन-चार खाऊन बाजूला होतो, बाकीच्या धारेबरोबर खालच्या पेगवाल्याला आंदण जातात. टाकलेलं परत काढता येत नाही. म्हणून अशा दिवशी कमी टाकायचं, आणि एकाच जागी टाकायचं.

दहा
शिटी. काठभर एकदम फीडर पाण्यात पडल्याचे आवाज. माझा फीडर मधल्या धारेत नाही, मवाळ पट्टीच्या कडेला, जिथे वेगवान आणि संथ पाण्याची शिवण दिसते तिथे. काठी उंच धरली, म्हणजे तंगूस पाण्यात कमी राहतो आणि पानं कमी अडकतात. थोडा तंगूस जास्तीचा सोडून त्याला धारेत बाक येऊ दिला. ताठ ओढून धरलेला फीडर घसरतो, बाक दिलेला बसून राहतो.

अकरा
काही नाही. पानं काढायची, फीडर भरायचा, पुन्हा तिथेच. पलीकडच्या काठाने वाफेच्या इंजिनाची गाडी गेली. शेजारचे आजोबा ओरडून विचारतात, काही हाललं का? मी मान हलवतो. त्यांचीही जाळी कोरडी. इथे हात शिवशिवतात. दुसरी जागा बघावी, जास्त टाकून बघावं असं वाटत राहतं. मी काठीचं टोक सोडून कुठेही बघत नाही. पेगजवळ खोवलेल्या काडीवर पाणी दोन बोटं चढलंय.

सव्वाबारा
प्रवाहाच्या ओढीने काठीचं टोक सतत वाकलेलं असतं. ते अचानक सरळ झालं आणि तंगूस सैल लोंबला. माशाने गांडूळ उचललं, वजन जागचं हललं आणि धारेबरोबर माझ्याकडे आलं. अशा वेळी टोक ओढलं जाण्याची वाट बघायची नाही, भराभर गुंडाळत काठी मागे घ्यायची. चब निघाला: रुंद डोकं, पांढरं तोंड, तीन पौंडांचा. अर्ध्या तासाने त्याच जागेवर दुसरा, थोडा लहान.

दीड
बार्बेल. धरताक्षणीच कळतं, कारण तो वर येत नाही, तळाला चिकटून धारेच्या मध्याकडे निघतो. काठी कमानीसारखी वाकवून नुसतं थोपवून धरायचं, ओढाओढ केली की गळ सुटतो. जाळ्यात आला तेव्हा माझे खांदे भरून आले होते. सोनेरी तपकिरी अंग, तोंडाखाली चार मिशा. हा मासा मूळचा सेव्हर्नचा नाही. १९५६ साली केनेट नदीतून आणून इथे सोडला आणि तो असा रुजला की आता सेव्हर्न त्याच्याच नावाने ओळखली जाते. झुंजून पार थकतो, म्हणून त्याला प्रवाहाकडे तोंड करून दोन्ही हातांत धरलं. कल्ल्यांची उघडझाप नीट सुरू झाल्यावरच वेगळ्या जाळीत सोडलं.

अडीच
पानांचा लोंढा वाढला. फीडर दोन मिनिटंही टिकेना. काही नाही.

तीन
शिटी, गळ बाहेर. तराजूवाले एका टोकाकडून येतात. आजोबा कोरे, त्यांच्यापलीकडचे दोघेही कोरे. माझे ११ पौंड ९ औंस, म्हणजे सव्वापाच किलो. वजन झालं की मासे पाण्यात. आमच्या गटात मी दुसरा.

चार
विलोखालचा पेग मिळालेला गडी १९ पौंडांवर पहिला आला. वाहनतळावर सगळ्यांनी त्याला घेरलं, जागेचं नशीब म्हणून खांद्यावर थापा मारल्या. मी त्याला विचारलं, फीडरमध्ये काय भरलंस? तो म्हणाला, पहिला दीड तास फीडर लावलाच नाही. नुसतं वजन आणि गळाला गांडूळ. पहिला बार्बेल आल्यावर मग फीडर, आणि त्यातही चिमूटभर अळ्या. भोकांवरची टेप त्याने दाखवली. माझी निम्म्या भोकांवर होती, त्याने दोनच भोकं उघडी ठेवली होती.