अंगठा देण्याआधी विचारा

“इथं अंगठा दे, बाई.”

दवाखान्यात नोकरीला असताना हे वाक्य आम्ही किती वेळा बोललो असू, त्याची गणती नाही. एका हातात शाईचं पॅड, दुसऱ्या हातात कागद. डॉक्टरांना पुढच्या पेशंटची घाई, बाईला घरी जायची घाई. कागदावर काय लिहिलंय ते आम्ही वाचून दाखवलं नाही आणि तिनंही विचारलं नाही.

अशीच एक ऊसतोडीची बाई गर्भपात करून दुसऱ्याच दिवशी टोळीबरोबर कारखान्यावर गेली. आठ दिवसांनी तिला जीपमध्ये घालून परत आणलं. अंग तापानं फणफणलेलं, अंगावरून घाण वासाचं पाणी जात होतं, तेही चार दिवसांपासून. “आधी का आली नाहीस?” आम्ही रागावूनच विचारलं. ती म्हणाली, “सिस्टर, मला वाटलं असंच असतं. कुणी सांगितलं होतं का मला?”

ती वाचली. पण तिच्या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हतं. कारण सांगायचं काम आमचं होतं आणि आम्ही सांगितलं नव्हतं. पुढे नोकरी सोडून वस्तीत काम करू लागलो, त्याला हा प्रश्नही एक कारण आहे.

वर्षावासात ग्रंथवाचन संपलं की वडवणीच्या आपल्या वस्तीतल्या बाया विहारात मागे थांबतात आणि हळूच विचारतात. नवऱ्याची सही लागते का? गावात कळेल का? पुढे मूल होतं का? दसरा झाला की कोयते तोडणीला निघतील. त्याआधी या प्रश्नांची उत्तरं घराघरात पोचावीत, म्हणून हा लेख.

सही कुणाची?

गर्भपाताचा कायदा १९७१ साली झाला आणि १ एप्रिल १९७२ पासून लागू झाला. २०२१ मध्ये त्यात मोठी दुरुस्ती झाली. आता २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरच्या मतानं गर्भपात करता येतो. बाईच्या जिवाला किंवा शरीर-मनाच्या आरोग्याला धोका असेल, बाळात गंभीर दोष असेल, बलात्कारातून दिवस गेले असतील, किंवा साधन वापरूनही दिवस गेले असतील, तर कायदा परवानगी देतो. २० ते २४ आठवड्यांसाठी दोन डॉक्टरांचं मत लागतं आणि ते ठराविक स्त्रियांसाठीच आहे. उदाहरणार्थ अत्याचार झालेल्या, अल्पवयीन, अपंग, किंवा गर्भारपणातच विधवा अथवा घटस्फोटित झालेल्या.

बाई १८ वर्षांची पूर्ण असेल तर सही तिची एकटीची. नवऱ्याची नाही, सासूची नाही, मुकादमाची तर नाहीच. अल्पवयीन किंवा मानसिक आजार असलेली असेल तरच पालकाची लेखी संमती लागते. २९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की लग्न झालेली आणि न झालेली असा भेद करता येणार नाही, आणि कायद्यात नसलेल्या अटी, म्हणजे घरच्यांची संमती वगैरे, डॉक्टरांनी लादू नयेत.

तिचं नाव बाहेर फोडणं हाही गुन्हा आहे. त्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. संमतीचा कागद पाकिटात बंद करून, त्यावर ‘गुप्त’ लिहून ठेवायचा असतो. त्यामुळे “गावात कळेल” या भीतीनं भोंदूकडे जाऊ नका. कायदा तुमची गुप्तता राखतो, भोंदू राखत नाही.

कागदावर नाही, तरी सांगावं लागतं

संमतीच्या या कागदाला ‘फॉर्म सी’ म्हणतात. तो वाचला तर नवल वाटेल. बाईचं नाव, वय, पत्ता आणि “अमुक ठिकाणी गर्भपात करण्यास मी संमती देते”, एवढंच. पद्धत कोणती, धोका काय, नंतर काळजी काय घ्यायची, याचा एक शब्द त्यात नाही. म्हणून अंगठा उठला की काम झालं, असं दवाखान्यांनाही वाटतं आणि आपल्यालाही.

पण तसं नाही. समीरा कोहली खटल्यात १६ जानेवारी २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला. दिल्लीची ही पेशंट दुर्बिणीतून तपासणीसाठी गेली होती. ती भुलीत असताना डॉक्टरांनी तिच्या आईची सही घेतली आणि गर्भाशय व अंडाशय काढून टाकले. जिवावरचा प्रसंग नव्हता. न्यायालय म्हणालं, सज्ञान बाईऐवजी आईची संमती चालणार नाही, आणि तपासणीची संमती म्हणजे ऑपरेशनची संमती नव्हे. संमती घेण्याआधी डॉक्टरांनी काय सांगायचं तेही न्यायालयानं सांगितलं: काय करणार, कशासाठी, फायदा काय, दुसरे उपाय कोणते, मोठे धोके कोणते, आणि उपचार घेतला नाही तर काय होईल. हे कळल्यावर दिलेली संमती तीच खरी संमती.

आपल्या बीडमध्ये उलटं झालं

कायद्यानं एकच गोष्ट सांगायला बंदी आहे: पोटात मुलगा आहे की मुलगी. महाराष्ट्रानं १९८८ मध्ये आणि केंद्रानं १९९४ मध्ये त्यासाठी कायदा केला. शब्दानं, खुणेनं, कशानंही सांगायचं नाही. त्याच केंद्रीय कायद्यात हेही लिहिलंय की गर्भजल तपासणीसारखी तपासणी करण्याआधी तिचे दुष्परिणाम बाईला समजावून सांगायचे, तिला समजणाऱ्या भाषेत लेखी संमती घ्यायची आणि तिची एक प्रत तिला द्यायची.

आपल्या जिल्ह्यात काय झालं? २०११ च्या जनगणनेत बीडमध्ये सहा वर्षांखालील १००० मुलांमागे ८०७ मुली उरल्या. २०१२ मध्ये परळीत गर्भपात करताना एका बाईचा जीव गेला. त्या प्रकरणात डॉ. सुदाम मुंडे व त्यांच्या पत्नीला २०१९ मध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली. जे सांगायला बंदी, ते कुजबुजून सांगितलं गेलं.

आणि जे सांगायला हवं, ते दडवलं गेलं. २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या समितीनं बीडच्या सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांची माहिती घेतली. त्यांत १३ हजारांहून जास्त बायांची पिशवी काढलेली निघाली. “पिशवी खराब झाली, कॅन्सर होईल” एवढंच ऐकून कितीतरी जणी टेबलावर चढल्या. गोळ्यांनी बरं होईल का, पिशवी काढल्यावर पुढे काय त्रास होतो, हे कुणी सांगितलं नाही. तोडणीत एक दिवस खाडा झाला तर पैसे कापले जातात, हे ठाऊक असलेल्या बाईला विचार करायला वेळ कोण देणार?

सगळे डॉक्टर असे नाहीत. शांतपणे खुर्चीवर बसवून समजावणारे डॉक्टर आम्ही पाहिले आहेत. पण ते भेटणं हे आपलं नशीब असू नये. तो हक्क आहे.

अमेरिकेत दुसरंच टोक आहे. टेक्सास राज्यात गर्भपाताआधी बाईच्या हाती सरकारी पुस्तिका देण्याचा कायदा झाला. तीत गर्भपातामुळे स्तनाचा कॅन्सर होऊ शकतो असं सुचवलं होतं, जे तिथल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं नाकारलं आहे. म्हणजे माहिती सांगायची ती घाबरवण्यासाठी. आपल्याला भीतीही नको आणि मुकेपणाही नको. खरं तेवढं, आपल्या भाषेत हवं.

हे विचारा

१. हा दवाखाना मान्यताप्राप्त आहे का? खाजगी दवाखान्यानं गर्भपात केंद्राचं प्रमाणपत्र दिसेल असं लावायचं असतं. सरकारी दवाखान्याला वेगळं प्रमाणपत्र लागत नाही.

२. मला किती आठवडे झालेत? गोळ्या नऊ आठवड्यांपर्यंतच, त्याही डॉक्टरच्या देखरेखीत. मेडिकलवरून परस्पर आणू नका. गर्भ नळीत असेल तर गोळ्यांनी तो पडत नाही आणि नळी फुटून जीव जाऊ शकतो.

३. गोळ्या की पिशवी साफ करणं? साफ करणार असाल तर कशानं? व्हॅक्यूमची पद्धत जुन्या खरवडून करायच्या क्युरेटिंगपेक्षा सुरक्षित आहे.

४. नंतर काय झालं तर धावत यायचं? दोन तास सलग, दर तासाला दोन पॅड भिजले, ताप आला, घाण वासाचं पाणी गेलं, पोटात असह्य दुखलं, तर थांबू नका. गोळ्या घेऊनही रक्तस्राव सुरू झाला नाही, तरी दाखवा.

५. पुन्हा दिवस कधी जाऊ शकतात? दोन आठवड्यांच्या आतसुद्धा. म्हणून साधनाबद्दल तेव्हाच विचारा. पण “आधी नसबंदी किंवा तांबी, मगच गर्भपात” अशी अट कुणी घालू शकत नाही.

६. कागद वाचता येत नसेल तर म्हणा, “वाचून दाखवा.” यात लाज नाही. लाज न वाचता अंगठा घेणाऱ्याला वाटली पाहिजे. ती आम्हाला आज वाटते.

तोडणीला निघताना दवाखान्याचे सगळे कागद पिशवीत घ्या. कर्नाटकात गेलात तरी तिथल्या डॉक्टरला ते दाखवता येतील.

१९३८ साली मुंबईच्या विधिमंडळात बाबासाहेबांच्या पक्षानं संततिनियमनाचा ठराव आणला होता. तो फेटाळला गेला. मूल कधी आणि किती, हा बाईच्या जिवाचा प्रश्न आहे हे त्यांनी तेव्हा ओळखलं होतं. आणि तथागतांनी कालामांना सांगितलं ते आपण विहारात नेहमी ऐकतो: कुणी मोठा माणूस सांगतो म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या. ते दवाखान्याच्या दारात चपलेबरोबर काढून ठेवायचं नाही.

नर्सचं काम करणाऱ्या आणि आशा म्हणून फिरणाऱ्या आमच्या बहिणींनाही एक विनंती. शाईचं पॅड उघडण्याआधी दोन मिनिटं तिच्याजवळ बसा. त्या बाईनं आम्हाला विचारलेला प्रश्न तुम्हाला कुणी विचारू नये.

जय भीम.