लेखांक ७ : एकाच नावाची दोन उत्तरं

वेबसाइटचं नाव आणि तिचा आकडी पत्ता यांची जोडी नेमसर्व्हर कशी सांभाळतो, ते मागच्या आठवड्यात पाहिलं. आता ही जोडी बिघडते तेव्हा काय करायचं ते.

बेंगळुरूत कोरमंगलाच्या एका छोट्या ऑफिसात मी सर्व्हर सांभाळत होतो. आम्ही वेबसाइट नव्या मशीनवर हलवली, नोंदीत नवा पत्ता घातला. सकाळी निम्म्या ग्राहकांना नवी साइट दिसत होती, निम्म्यांना जुनी. "कॅशे असेल, दुपारपर्यंत होईल नीट," असं सगळे म्हणाले, मीही मान डोलावली. संध्याकाळीही तीच तऱ्हा. तेव्हा कुठे मी आमच्या दोन्ही नेमसर्व्हरना वेगवेगळं विचारलं. 'डिग' कमांडमध्ये @ लावून सर्व्हरचा पत्ता दिला की थेट त्याचंच उत्तर मिळतं, मधला कॅशे आड येत नाही. मूळ नोंदी ठेवणाऱ्या प्रायमरीने नवा पत्ता दिला, त्याची नक्कल ठेवणाऱ्या सेकंडरीने जुना.

दोघांची एसओए नोंद मागवली. तिच्यातला सिरियल नंबर दोन्हीकडे सारखाच! नोंद बदलताना मी तो वाढवायला विसरलो होतो. सेकंडरी फक्त हा नंबर पाहतो. वाढलेला दिसला तरच झोनची, म्हणजे डोमेनच्या सगळ्या नोंदींची, नवी यादी उतरवून घेतो. एक आकडा वाढवला, झोन रीलोड केला, आणि दोघांची उत्तरं जुळली.

नंबर वाढवूनही सेकंडरी जुनंच सांगत असेल, तर फायरवॉल तपासा. डीएनएसला ५३ नंबरचा यूडीपी पोर्ट पुरतो, असं समजून टीसीपी बंद केलेला असतो. पण झोनची यादी टीसीपीवरूनच जाते.

'डिग'ला पत्त्याऐवजी 'सर्व्हफेल' असा नकार आला, तर तोच प्रश्न सही न तपासायला सांगणारं '+सीडी' लावून पुन्हा विचारा. आता उत्तर आलं, तर घोटाळा डीएनएससेकच्या, म्हणजे उत्तर खरं असल्याची खात्री देणाऱ्या, सहीत आहे: तिची मुदत संपली असेल, किंवा तुमच्या किल्लीची खूण सांगणारी वरच्या झोनमधली डीएस नोंद जुळत नसेल. डीएनएससेक बंद करून मोकळं होण्याचा मोह इथे फार होतो. कृपा करून तसं करू नका. खोटी उत्तरं कॅशेत किती सहज घुसवता येतात, हे सुरक्षा संशोधक डॅन कमिन्स्कीने २००८ मध्ये जगाला दाखवलं आहे.

झोनची यादी फक्त स्वतःच्या सेकंडरीलाच द्या. नाहीतर कोणीही एका कमांडमध्ये तुमच्या व्हीपीएनपासून टेस्ट सर्व्हरपर्यंत सगळी नावं घेऊन जाईल. आणि स्वतःच्या झोनची उत्तरं देणाऱ्या सर्व्हरवर रिकर्शन, म्हणजे इतरांच्या नावांची उत्तरं शोधून देणं, बंदच हवं. मार्च २०१३ मध्ये स्पॅमविरोधी संस्था स्पॅमहाउसवर झालेल्या हल्ल्यात असेच कोणालाही उत्तर देणारे उघडे रिझॉल्व्हर वापरले होते: खोट्या पत्त्यावरून छोटा प्रश्न, आणि त्याचं भलंमोठं उत्तर बळीच्या दारात.

एवढं करूनही एक दार आपल्या हाताबाहेर राहतं. सप्टेंबर २०१८ मध्ये चेन्नईच्या झोहो या सॉफ्टवेअर कंपनीचं मुख्य डोमेन फिशिंगच्या तक्रारींवरून रजिस्ट्रारने, म्हणजे ते नाव नोंदवून देणाऱ्या कंपनीने, थांबवलं. झोहोचे सर्व्हर चालू होते, पण नावच सापडेना. अशा वेळी 'डिग +ट्रेस' रूटपासून निघून डॉट कॉमपर्यंत पोचतो आणि तिथेच थांबतो. तुमच्या सर्व्हरचे लॉग चाळण्यात तास घालवू नका, सरळ रजिस्ट्रारला फोन लावा. तो नंबर आजच कागदावर लिहून ठेवा, कारण त्या दिवशी तुमची मेलही त्याच नावावर अडकलेली असेल.

पुढच्या आठवड्यात डीएनएससेकची किल्ली बदलायची कशी, ते.