फुटकी बादली आणि बारसे सर

परवा वाटूर फाट्यावर एस. टी.ची वाट पाहत उभा होतो. जालना, मंठा आणि परतूर अशा तिन्हीकडच्या वाटा येथे भेटतात. साहजिकच माणसाला थांबावे लागते, आणि थांबले की आजूबाजूला पाहावे लागते. परतीच्या पावसाची एक सर नुकतीच येऊन गेली होती. सोयाबीन काढून मोकळ्या झालेल्या रानात सात-आठ पोरे तेलाचा रिकामा डबा लाथाडीत होती. डब्याचा आवाज मोठा आणि पोरांचा त्याहून मोठा! शेजारी उभे असलेले आजोबा म्हणाले, "बघा सर, शाळेत जा म्हनलं की ह्यांचे पाय दुखतेत, अन् इथं बघा!"

मी हसलो. पण डोळ्यांपुढे मात्र नागपूरची अशीच एक पावसाळी वेळ उभी राहिली. ती मी पाहिलेली नाही, नुसती वाचलेली आहे.

साल २००१. हिस्लॉप कॉलेजातील क्रीडाशिक्षक प्रा. विजय बारसे पाऊस चुकवीत एका झाडाखाली थांबले होते. समोर झोपडपट्टीतील मुले भर पावसात एक फुटकी बादली चेंडूसारखी लाथाडीत होती. तुम्ही-आम्ही असतो, तर "काय ही मुले!" असे म्हणून घरी आलो असतो आणि आले घातलेला चहा मागितला असता. बारसे सरांनी त्या मुलांना फुटबॉल दिला. चेंडू पायाशी आहे तोवर ही मुले मारामारी विसरतात, व्यसने विसरतात, असे त्यांच्या ध्यानात आले. पुढचे सारे काम या एवढ्याशा निरीक्षणावर उभे आहे.

मग त्यांनी झोपडपट्टीतल्या मुलांसाठी स्पर्धा भरविली. नावही आडपडदा न ठेवता दिले : झोपडपट्टी फुटबॉल. संघ आले १२८! कुणाच्या पायात बूट नव्हते, कुणाच्या अंगातला सदरा फाटलेला होता. पण मैदानावर येताना 'आपण इथे चालू का?' असे कुणालाही विचारावे लागले नाही, ही त्या स्पर्धेची खरी मिळकत.

येथवर ऐकले, की आपण मान डोलावतो. परोपकार आपल्याला आवडतो. फक्त तो आपल्या पासबुकापर्यंत येऊ नये, एवढीच इच्छा असते. मीही मास्तरच. निवृत्तीची रक्कम ही मध्यमवर्गीय घरात देवघराइतकीच पवित्र वस्तू असते, हे मला चांगले माहीत आहे. ती हाती पडण्यापूर्वीच तिची वाटणी झालेली असते : इतके मुलीच्या लग्नाला, इतके फ्लॅटला, उरले तर काशीयात्रेला. बारसे सरांनी निवृत्तीच्या पैशांतून सुमारे १८ लाख रुपये घातले आणि नागपूरजवळ बोखारा येथे जमीन घेतली. ती स्वतःच्या बंगल्यासाठी नव्हे, त्या मुलांच्या खेळासाठी!

असा निर्णय एकटा माणूस घेतो, असे आपण म्हणतो; पण त्याचे मोल सारे घर मोजते. पत्नी रंजनाताई या कामात त्यांच्याबरोबर राहिल्या. मुलगा अभिजित अमेरिकेत होता. आपल्या वडिलांच्या कामाची बातमी त्याने वाचली ती तिथल्या वृत्तपत्रात! तो परत आला आणि वडिलांच्या कामाला लागला. मुलगा अमेरिकेला गेल्याचे पेढे आपण हौसेने वाटतो. तो परत आल्याचे पेढे वाटावेत, असे घर विरळाच.

पुढे या मैदानावर नुसते गोल झाले नाहीत. चेंडूच्या खेळातून मुलांना गणित शिकविण्यात येऊ लागले. पुस्तकातला पाढा ज्याच्या घशात अडकतो, त्याच्या पायांना तो पटकन कळतो! बेघर आणि वंचितांसाठी २००३ पासून फुटबॉलची एक जागतिक स्पर्धा भरू लागली होती. एका बाजूला चारच खेळाडू, सात-सात मिनिटांचे दोन डाव, असा तिचा आटोपशीर थाट. तिथे नागपूरच्या या संस्थेने भारताचा संघ पाठविला. २०१० साली रिओ दी जानेरो येथे त्या संघाचा कर्णधार झालेला मुलगा एके काळी पोलिसांपासून लपत फिरणारा होता. २०१६ मध्ये 'फिफा'ने संस्थेला पुरस्कार दिला. २०२२ साली नागराज मंजुळे यांचा 'झुंड' आला, त्यात अमिताभ बच्चन सरांच्या भूमिकेत दिसले आणि हे नाव घरोघरी पोचले.

पण पुरस्कार आणि पडदा या मागाहूनच्या गोष्टी झाल्या. मला मोठी वाटते ती दुसऱ्या दिवसाची गोष्ट. एक चेंडू कुणीही देईल; त्याला एक नोट आणि चांगली मनःस्थिती पुरते. दुसऱ्या दिवशी त्याच मैदानावर जाऊन उभे राहणे, तिसऱ्या दिवशीही जाणे, आणि असे करता करता स्वतःची शिल्लक व घरच्यांची संध्याकाळ त्यात घालणे, हे ज्याला साधते तोच प्रशिक्षक.

एस. टी. आली. मी खिडकीशी बसलो. डबा आता पुरता चेपला होता. तरी पोरे थांबली नव्हती. येत्या फेरीला जालन्याहून एक फुटबॉल आणायचा, असे मी मनाशी ठरविले आणि लगेच ओशाळलो. चेंडू मी आणीन. पण दुसऱ्या दिवशी त्या रानात उभे कोण राहणार? ज्यांच्या मनात हा प्रश्न उभा राहील, त्यांनी आपल्या घरच्यांना विचारून पाहावे. मीही यंदाच्या फराळाच्या वेळी विचारणार आहे.