गालातली पेशी मरायचे का विसरते?

सावलीहून वैनगंगेचा पूल ओलांडला की गडचिरोली. या रस्त्यावरच्या कुठल्याही पानठेल्यावर पाहा, पन्नीत सुपारी, तंबाखू आणि चुना घेऊन खर्रा घोटणे चालू असते. ही चिमूट तासन्‌तास गालात राहते, म्हणून कर्करोगही बहुधा गालाच्या आतल्या अस्तरात नाहीतर हिरडीजवळ धरतो. तिथल्या पेशींत नेमके काय बिघडते ते आता बरेच उलगडले आहे. खर्रा खाणाऱ्या प्रत्येक घराला ते ठाऊक हवे.

पेशीने वाढायचे की मरायचे, याचे निरोप बाहेरून येतात. पेशीच्या पडद्यावरचे ग्राही प्रथिन निरोप घेते. तो आत पोचवायला मात्र अडॅप्टर प्रथिन लागते. लग्न जुळवणारा मध्यस्थ दोन्ही घरांना एकत्र बसवतो, स्वतः बोहल्यावर चढत नाही. अडॅप्टरचेही तेच: तो रासायनिक क्रिया करत नाही, करणाऱ्यांना जवळ आणतो.

मरणाच्या निरोपाचा अडॅप्टर म्हणजे 1995 मध्ये सापडलेला ‘फॅड’, अवघ्या 208 अमिनो आम्लांचा. एका टोकाने तो ‘फास’ या ग्राहीला धरतो, दुसऱ्याने कॅस्पेज-8 या विकराला. कॅस्पेजचे रेणू शेजारी आले की एकमेकांना जागे करतात. मग पेशीचा सांगाडा आणि डीएनए कापला जातो, ती आक्रसते, तिचे तुकडे होतात आणि आजूबाजूच्या पेशी ते गिळून टाकतात. बिघडलेली पेशी अशी वेळेवर मरते, म्हणूनच आपण निरोगी राहतो.

वाढीचा निरोप ‘ग्रब-2’ या अडॅप्टरकडे असतो. तो ‘सॉस’ या प्रथिनाला पडद्यापाशी आणतो, सॉस ‘रास’ या प्रथिनाला चालू करतो आणि पेशी विभागू लागते. काम झाले की रास बंद व्हायला हवा.

2013 मध्ये कल्याणीची राष्ट्रीय जैववैद्यकीय जनुकशास्त्र संस्था आणि खारघरचे ॲक्ट्रेक हे कर्करोग संशोधन केंद्र यांच्या शास्त्रज्ञांनी भारतीय रुग्णांच्या गाल-हिरडीच्या गाठींचे जनुकीय वाचन प्रसिद्ध केले. वारंवार बिघडलेल्या जनुकांत कॅस्पेज-8 होते आणि रासचाच एक प्रकार असलेले एच-रासही. म्हणजे फॅडने बोलावले तरी कॅस्पेज कामाचा नाही, आणि ग्रब-2 गप्प असला तरी रास चालूच. 2015 मध्ये अमेरिकेतल्या अभ्यासात तोंडाच्या काही गाठींत हे दोन्ही बिघाड एकत्रच आढळले.

याचा उपचाराशी थेट संबंध आहे. सेटुक्सिमॅब हे औषध पडद्यावरचा, वाढीचा निरोप घेणारा ईजीएफआर ग्राही अडवते, पण रास त्याच्या पुढे, आत बसलेला. तोच अडकून चालू राहिला असेल, तर दार बंद करून फारसे काही हाती लागत नाही.