उकिरड्याचे दिवस पालटले

गेल्या वर्षीची गोष्ट. दुपारची ओपीडी आटोपून मी हात धूत होतो, तोच एक आजी नातवाला हाताला धरून दवाखान्यात आल्या. "डॉक्टरसाहेब, बघा की हो, पोराला कुत्रं चावलंय!" मुलगा पाचवीतला. पोटरीवर दातांच्या खोल खुणा आणि त्यावर कोणीतरी भरलेली मिरचीपूड. शाळेत उरलेली खिचडी मागच्या भिंतीपलीकडे टाकायला तो गेला होता. तेथे रोज पाच-सहा कुत्री टपून बसत.

आम्ही प्रथम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे जखम धुतली. धनुर्वाताचे इंजेक्शन दिले. जखम खोल असल्यामुळे रेबीजच्या लशीबरोबर सीरमही आवश्यक होते, म्हणून त्याला तातडीने सोलापूरला सरकारी रुग्णालयात पाठवले. मुलाने लशीचे सर्व डोस पूर्ण केले आणि तो ठणठणीत आहे. वाचकहो, कुत्रे चावल्यावर हळद, चुना, मिरची, तेल काहीही लावू नका. साबण-पाणी हाच पहिला उपचार. पोटातल्या चौदा इंजेक्शनांचे दिवस केव्हाच गेले. आता लस दंडात देतात. मात्र एकदा का रेबीजची लक्षणे दिसू लागली की रोगी वाचणे जवळजवळ अशक्य असते. म्हणून एकही डोस चुकवू नये.

मुलाचा उपचार झाला, पण भिंतीपलीकडच्या ढिगाचे काय? मंद्रूपच्या आसपासच्या त्या शाळेत मी मुद्दाम गेलो. मुख्याध्यापकांनी मलाच विचारले, "साहेब, उरलेले अन्न टाकायचे तरी कुठे?" प्रश्न रास्त होता. मी म्हणालो, "खड्डा खणा आणि त्याचे खत करा." एवढे सांगून मी निघून आलो.

दोनच आठवड्यांत पालक माझ्याकडे तक्रार घेऊन आले. "डॉक्टर, तुम्हीच शाळेत उकिरडा करून दिला की!" पाहतो तो खड्ड्यात आंबलेल्या खिचडीचा लगदा, त्यात वळवळणाऱ्या अळ्या आणि वर घोंघावणाऱ्या माश्या. उन्हाळ्यात माशीच्या अंड्यापासून नवी माशी तयार व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, आणि तीच माशी घाणीवरून उठून ताटावर बसली की जुलाब, हगवण, विषमज्वर यांना आमंत्रण मिळते. चूक माझी होती. औषधाचे नाव सांगून ते कसे घ्यायचे हे न सांगणाऱ्या डॉक्टरासारखे माझे झाले होते.

उकिरडा आणि खत यांतला फरक

उकिरड्यात ओले अन्न दाबून बसते, हवा आत जात नाही, म्हणून ते सडते आणि घाण सुटते. खतात हवा खेळती असते. तेथे अन्न सडत नाही, तर असंख्य सूक्ष्म जंतू ते पचवतात. या पचनात ढिगाचे पोट ५५ ते ६० अंश सेल्सिअसपर्यंत तापते आणि त्या उष्णतेत माशीच्या अळ्या व बरेचसे रोगजंतू मरतात. आपल्या महाराष्ट्रात पुसदचे ना. दे. पांढरीपांडे यांनी याच तत्त्वावर विटांत मोकळ्या फटी ठेवलेली टाकी रूढ केली. त्यांच्या नावावरून ती 'नाडेप' म्हणून देशभर ओळखली जाते.

शाळेने फुटक्या विटांची तशीच, पण लहान टाकी लिंबाच्या सावलीत बांधली. सहावी-सातवीच्या आठ मुलामुलींनी जबाबदारी घेतली. नियम सोपा ठेवला: एक बादली ओले, तर दोन बादल्या सुके. सुके म्हणजे झाडलेला पाला आणि गोठ्यातून आणलेली कडब्याची चघळ. अन्न उघडे दिसता कामा नये. वर पाल्याचा आणि मातीचा थर हवाच. आठवड्यातून एकदा ढीग वरखाली करायचा. आपल्याकडच्या उन्हात ढीग लवकर कोरडा पडतो, तेव्हा ताटे विसळलेले पाणी शिंपडायचे. मूठभर दाबून पाहावे: ओलसर लागले पण पाणी गळले नाही, तर बेत जमला. घाण सुटली तर सुके वाढवावे. तीन महिन्यांत काळे, भुसभुशीत, मातीचा वास येणारे खत तयार झाले. कुत्र्यांनीही दुसरीकडचा रस्ता धरला.

बादलीने केलेले निदान

पण मला खरी मौज वाटली ती मुलांच्या वहीची. रोज किती आणि कोणत्या वर्गाचे उरले, हे ती लिहू लागली. सुरुवातीला दोन बादल्या भरत. वही पाहताच बाईंच्या लक्षात आले की सर्वांत जास्त अन्न पहिलीच्या वर्गाचे टाकले जाते. पहिलीला आणि पाचवीला वाढण्याचा डाव एकच होता! आता लहानांना आधी अर्धा डाव वाढतात, आणि हवे तर पुन्हा. बादली निम्म्यावर आली.

दुसरीतली एक मुलगी मात्र रोज जवळजवळ सगळे ताट बादलीत रिकामे करी. तिची 'खोडकर' म्हणून नोंद झाली होती. बाईंनी तिला माझ्याकडे धाडले. तोंड उघडताच कारण दिसले: दोन दाढा किडलेल्या आणि हिरडीला गळू. बिचारी चावणार कशी? दातांच्या डॉक्टरांकडे उपचार झाले आणि ती जेवू लागली. आम्ही रक्त-लघवी तपासतो. मुलांनी बादली तपासून रोग दाखवला.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी देशात शालेय पोषण आहार योजना सुरू झाली. प्राथमिक शाळेतील मुलाला दुपारच्या या जेवणातून ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत, असा तिचा दंडक आहे. पण हे आकडे पोटात गेलेल्या अन्नाचे असतील तरच उपयोगाचे. म्हणून खत करणाऱ्या शाळेने 'आमचे खत किती झाले' याबरोबरच 'टाकलेले अन्न किती कमी झाले' याचाही अभिमान बाळगावा.

ही काळजी घ्या

१) ढीग हलवताना पायात चप्पल-बूट हवेतच. पाला उचलण्याआधी काठीने चाळवावा. विंचू-साप असू शकतो. हे काम मोठ्यांच्या देखरेखीतच व्हावे.

२) काम झाल्यावर साबणाने हात धुवावेत, नखे कापलेली असावीत. हातापायाला जखम असलेल्या मुलाने त्या दिवशी सुट्टी घ्यावी.

३) दम्याच्या मुलांनी कोरडे खत चाळू नये. चाळण्यापूर्वी थोडे पाणी शिंपडावे.

४) प्लॅस्टिक, काच, कुत्र्या-मांजरांची विष्ठा खड्ड्यात कदापि नको.

५) पाण्याच्या टाकीपासून आणि स्वयंपाकघरापासून खड्डा दूर असावा.

त्या खतावर शाळेच्या परसबागेत आता पालक, मेथी, कढीपत्ता आणि दोन शेवगे उभे आहेत. गेल्या महिन्यात मी गेलो तेव्हा खिचडीत तोच पालक होता. पंगतीत वाढायला तो कुत्रे चावलेला मुलगा होता. मला म्हणाला, "डॉक्टर, आधी अर्धाच डाव देतो बरं का. लागलं तर परत मागा."

बारा वर्षांनी उकिरड्याचेही दैव पालटते, असे आपल्याकडे म्हणतात. पोरांनी मनावर घेतले तर तीन महिने पुरतात.