कॉटपासून फळ्यापर्यंत

"मॅडम, एमएस्सीला कोणता विषय घेऊ?" दरवर्षी नर्सिंगच्या चार-सहा मुली हे विचारतात. परवाची तर थेट रात्रपाळीवरून आलेली. नाशिकच्या त्र्यंबक रोडवरच्या टपरीवर चहा घेताना तिच्या मनगटाला मायक्रोपोरची चिकटपट्टी तशीच होती, कुणाच्या तरी सलाइनसाठी फाडून ठेवलेली. मेडसर्ज (मेडिकल-सर्जिकल), ओबीजी (प्रसूती आणि स्त्रीरोग), पीडियाट्रिक, सायकियाट्रिक, कम्युनिटी. पाच नावं तिनं बोटांवर मोजली. सहावं बोट माझं: परत कॉटपाशी यायचंय की नाही?

आमच्या वेळी हा प्रश्न कुणी विचारला नाही. 1998 च्या जूनमध्ये महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशकात स्थापन झालं, तेव्हा मी जीएनएम, म्हणजे नर्सिंगची पदविका, करून नोकरीला लागले होते. त्याआधी नर्सिंगच्या पदव्या पुणे, मुंबई, नागपूर अशी ज्या त्या भागातली विद्यापीठं देत. आता एसएनडीटी आणि अभिमत विद्यापीठं सोडली, तर राज्यातल्या बहुतेक नर्सिंग पदव्यांवर शिक्का याच विद्यापीठाचा, नाशकातल्या म्हसरूळचा. शिक्का गावातला झाला, पण शिकायला मला बाहेरगावीच जावं लागलं.

जीएनएमवालीचा रस्ता लांबचा होता: दोन वर्षं पोस्ट बेसिक बीएस्सी आणि दोन वर्षं एमएस्सी. वॉर्डातल्या अनुभवाची अट वेगळीच. मुलगा पहिलीत होता. सासूबाई म्हणाल्या, "पगार चालू आहे ना? मग हा उपद्व्याप कशाला?" मला राग आला, पण त्यांचं गणित बरोबर होतं. अधिपरिचारिकेच्या (स्टाफ नर्सच्या) पदाला जीएनएमही चालते आणि बीएस्सीही; दोघींची नावं एकाच ड्यूटीच्या तक्त्यावर, रात्रपाळ्याही तेवढ्याच. वॉर्डात एमएस्सीला वेगळी खुर्ची नव्हती.

खुर्ची होती ती कॉलेजात. देशातली नर्सिंगची पहिली पदव्युत्तर पदवी 1959 सालची, दिल्लीच्या राजकुमारी अमृत कौर कॉलेजातली. म्हणजे पदवी काही नवी नव्हती. पण 2000 नंतर खासगी नर्सिंग कॉलेजं भराभर निघाली, भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांनुसार त्यांना एमएस्सी झालेल्या शिक्षिका हव्या होत्या, आणि मागणी एकदम वाढली. दवाखान्यांनी कधी आम्हाला मागितलंच नाही. 'टीचिंग लाइन' हा शब्द तेव्हापासून आमच्या तोंडी बसला. दहा ते पाच, रविवारची सुट्टी, रात्रपाळी नाही. मीही त्यालाच भुलले, हे कबूल करते. विषय मेडसर्ज घेतला, कारण सहा वर्षं कॅज्युअल्टीत काढली होती. त्या सहा वर्षांचं पुढे काय होणार, हे मात्र कुणी सांगितलं नाही.

थीसिसची गोष्ट सांगायलाच हवी. कुठल्याही नर्सिंग कॉलेजच्या लायब्ररीत जा, मरून रंगाच्या बाइंडिंगची रांग दिसेल. त्यातले अर्धे विषय एकाच साच्यातले: अमक्याविषयीच्या ज्ञानावर नियोजित अध्यापनाचा परिणाम. आधी प्रश्नावली, मग शिकवणी, मग पुन्हा तीच प्रश्नावली. ज्ञान वाढतंच, न वाढून सांगतं कुणाला? माझाही थीसिस त्याच रांगेत आहे. मी तो परत उघडलेला नाही.

अलीकडे दारं थोडी बदलली. अतिदक्षता विभागासाठी नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा पदव्युत्तर रेसिडेन्सी कोर्स आला, ज्यात बहुतेक वेळ आयसीयूतच जातो. 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणातही नर्स प्रॅक्टिशनरचा उल्लेख आहे. पदवी कॉटपाशीच ठेवणारा हा पहिला रस्ता मला दिसला. त्या नावाचं पद सरकारी भरतीच्या जाहिरातीत मात्र अजून दिसलेलं नाही. दुसरीकडे आयुष्मान भारत योजनेनंतर उपकेंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी नेमले गेले. तिथे बीएएमएस डॉक्टरांबरोबर बीएस्सी नर्सही पात्र. सुरगाणा, पेठकडच्या मुलींना घराजवळ काम मिळालं, तेही एमएस्सीशिवाय. 2023 मध्ये 1947 चा परिचर्या परिषदेचा कायदा बदलून राष्ट्रीय परिचर्या आयोगाचा कायदा झाला. त्यानं वॉर्डात काय बदलतं, ते बघायचं.

त्या रात्रपाळीवाल्या मुलीला मी विषय सांगितला नाही. इतकंच विचारलं, "दोन वर्षांनी सकाळी सातला तू कुठे असशील?" ती म्हणाली, "झोपलेली असेन, मॅडम!" आणि हसली.

मागच्या वर्षी आई दवाखान्यात होती. तरुण सिस्टरनं दोनदा टोचलं, शीर सापडेना. माझी बोटं आपोआप आईच्या मनगटापाशी गेली. "इथे बघ, बाळ, अंगठ्याच्या बाजूला." तिसऱ्यांदा बसलं.

"तुम्ही सिस्टर आहात?" पोरीनं विचारलं.

"छे गं," आईच म्हणाली, "प्राध्यापक आहे ती."